काच तीच, किमया थराची

केसाच्या जाडीचा जेमतेम चारशेवा भाग असलेला एक थर साध्या काचेला वीज वाहायला शिकवतो, उन्हाची धग अडवतो आणि गॅसगळतीची वर्दीही देतो. हा थर काचेवर चढतो कसा आणि तो अस्सल आहे हे ओळखायचे कसे?

दारावर कल्हईवाला येत असे, तो काळ घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. अंगणाच्या कोपऱ्यात छोटा खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. पितळेचे पातेले आधी घासूनपुसून लख्ख करायचे, मग निखाऱ्यावर धरून चांगले तापवायचे. त्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर निघायचा. तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी जरा टेकवून कापसाच्या बोळ्याने ती सर्वत्र फिरवली, की पिवळे भांडे क्षणात चंदेरी व्हायचे. हे सारे केवळ दिखाव्यासाठी नव्हते. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, आणि असे अन्न पोटात जाणे धोक्याचे असते. भांड्याच्या जाडीपुढे नगण्य असलेला तो थर घरातल्या माणसांच्या तब्येतीची राखण करीत होता.

तेच कथील आज काचेवर चढवले जात आहे. फरक इतकाच, की येथे कथील धातूच्या नव्हे तर ऑक्साइडच्या रूपात असते आणि थराची जाडी मोजायला मिलिमीटर फारच मोठा पडतो. तेथे लागतो नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड धरला, तर काचेवरचा २०० नॅनोमीटरचा थर त्याच्या चारशेव्या भागाइतका भरतो. स्वच्छ करणे, तापवणे आणि थर चढवणे, हा क्रम मात्र कल्हईवाल्याचाच!

आरपार दिसते, तरी वीज वाहते

तांब्याची तार वीज वाहते, पण तिच्या आरपार दिसत नाही. काचेच्या आरपार दिसते, पण ती वीज वाहत नाही. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात सहसा सापडत नाहीत. कथील, जस्त, इंडियम यांसारख्या काही धातूंची ऑक्साइडे मात्र या नियमाला अपवाद ठरतात.

याचे कारण समजायला फार अवघड नाही. कथलाच्या ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी घट्ट बांधलेले असतात. त्यांना उचलून मोकळे करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात नसते. त्यामुळे प्रकाश अडत नाही, सरळ पार होतो. आता याच ऑक्साइडमध्ये थोडे फ्लोरिन मिसळले, तर काही ठिकाणी ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिनचा अणू जाऊन बसतो. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन लागतात, फ्लोरिनचे एकावर भागते. उरलेला एक इलेक्ट्रॉन थरात हिंडायला मोकळा होतो आणि वीज वाहू लागते. पदार्थाचा पारदर्शकपणा शाबूत राहतो आणि अंगी नवा गुण येतो.

लाइपझिगचे बेडेकर

या शोधाचा मान जातो कार्ल बेडेकर यांच्याकडे. नाव वाचून गिरगावातले किंवा ठाण्याचे कोणी बेडेकर डोळ्यांसमोर येतील. पण हे गृहस्थ अस्सल जर्मन. प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तके छापणाऱ्या त्या देशातल्या प्रसिद्ध घराण्यातला हा मुलगा व्यवसायात न जाता पदार्थविज्ञानाकडे वळला. लाइपझिग येथे १९०७ मध्ये त्यांनी कॅडमियम धातूचा अतिशय पातळ थर हवेत तापवला. धातूचा थर ऑक्साइड होऊन पारदर्शक बनला, आणि तरीही तो वीज वाहत होता! या शोधाचा उपयोग काय, हे पाहायला बेडेकर फार जगले नाहीत. पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये लिएजच्या लढाईत ते मारले गेले. वय होते अवघे ३७.

उपयोग सापडला तो दुसऱ्या महायुद्धात. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या पुढच्या काचेवर बर्फ साचून वैमानिकाला समोरचे दिसेनासे होई. काचेत तारा बसवाव्यात तर त्याच नजरेच्या आड येणार. अमेरिकेतील एका काच कंपनीत काम करणारे हॅरोल्ड मॅकमास्टर यांनी १९४२ मध्ये काचेवर कथलाच्या ऑक्साइडचा थर चढवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. पेटंट १९४७ मध्ये मिळाले. अशा थरातून वीज सोडली की काच गरम होते आणि बर्फ वितळते. हेच मॅकमास्टर उतारवयात सौरऊर्जेकडे वळले. १९९० मध्ये त्यांनी काढलेली कंपनी १९९९ पासून ‘फर्स्ट सोलर’ या नावाने ओळखली जाते. काचेवर पातळ थर चढवून सौर पट्ट्या बनवणाऱ्या या कंपनीचा कारखाना २०२४ च्या जानेवारीत तामिळनाडूत सुरू झाला.

श्रीगणेशा काच धुण्यापासून

थर चढवण्याच्या पद्धती अनेक. कोठे निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती काचेवर बसवतात, कोठे विद्युतभारित कणांचा मारा करून पदार्थाचे अणू उडवतात. या यंत्रांना मोठा पैसा लागतो. त्यामानाने स्वस्त आणि आपल्याकडील विद्यापीठांना परवडणारी पद्धत म्हणजे गरम काचेवर फवारा मारण्याची.

प्रयोगशाळेत साधारणतः साडेसात सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद अशी काचपट्टी घेतात. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवतात, तीच ही पट्टी. पहिले काम ती धुण्याचे. साबणाचे पाणी, मग आम्ल, मग ऊर्ध्वपातित पाणी, शेवटी स्वनातीत लहरींचे स्नान! एवढा खटाटोप कशासाठी, असे नवख्या विद्यार्थ्याला वाटते. पण बोटाचा एक तेलकट ठसा या थराच्या तुलनेत डोंगराएवढा असतो. त्या जागी थर धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटून येतो. काच खरोखर स्वच्छ झाली का, हे पाहायची युक्ती साधी आहे. काचेवर हलका श्वास सोडायचा. वाफ सगळीकडे एकसारखी धरली तर काच स्वच्छ, डाग-डाग धरली तर पुन्हा धुवा.

मग पट्टी तव्यासारख्या सपाट शेगडीवर ठेवून ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. कथलाच्या क्लोराइडचे द्रावण दाबाखालील हवेच्या जोरावर बारीक नळीतून धुक्यासारखे तिच्यावर फवारतात. तापलेल्या काचेवर थेंब पोहोचताच रासायनिक क्रिया होते. कथलाचे ऑक्साइड काचेला धरून राहते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ उडून जाते. ही वाफ छातीत जाऊ नये म्हणून सारा प्रकार धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच करावा लागतो.

खरी कसोटी तापमानाची. काच पुरेशी तापलेली नसेल तर क्रिया अर्धवट राहते आणि थरात क्लोराइड उरते. ती फार तापली तर थेंब काचेपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतात आणि वर नुसती पांढरी भुकटी बसते. शिवाय प्रत्येक फवाऱ्यासरशी काच थोडी गार होते. म्हणून थोडे फवारायचे, थांबायचे, तापमान पूर्ववत होऊ द्यायचे आणि पुन्हा फवारायचे. घावन घालणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. तवा कमी तापला तर घावन चिकटते आणि जास्त तापला तर पीठ पसरतच नाही. काम संपल्यावर घाई करूनही चालत नाही. गरम पट्टी एकदम थंडीत आणली तर तडकते.

रंगावर भुलू नका!

थर चढलेली पट्टी उजेडात धरली की तिच्यावर जांभळ्या, हिरव्या, सोनेरी छटा खेळतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तशाच. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हे रंग दिसतात. विद्यार्थी हरखून जातो. पण रंग देखणा म्हणजे थर चांगला असे नव्हे. जाडी वाढत गेली की तेच रंग पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून जाडीही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून थर चढवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आहे ते त्याच्या परीक्षेला.

पहिली परीक्षा वजनाची. थर चढवण्यापूर्वी आणि नंतर पट्टीचे वजन करतात. वर सांगितलेल्या पट्टीवर कथलाच्या ऑक्साइडचा २०० नॅनोमीटरचा सलग थर असेल, तर वजनात वाढ होते ती सुमारे अडीच मिलिग्रॅमची. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे त्याच्या आठव्या हिश्श्याइतकी! दारे-खिडक्या बंद करून आणि श्वास आवरूनच हे वजन करावे लागते.

दुसरी परीक्षा क्ष-किरणांची. थरावर क्ष-किरण सोडले की आतल्या अणूंच्या रांगांवरून ते ठरावीक कोनांतच जोराने परततात. या कोनांवरून पदार्थ ओळखता येतो, हे विल्यम ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी दाखवून दिले. १९१५ चे नोबेल पारितोषिक पिता-पुत्रांना एकत्र मिळाले, तेव्हा लॉरेन्स अवघे २५ वर्षांचे होते. जसे प्रत्येकाच्या बोटांचे ठसे वेगळे, तसे प्रत्येक स्फटिकाचे कोन वेगळे. आपण जस्ताचे ऑक्साइड म्हणून जे मिरवतो आहोत ते खरोखर तेच आहे की नाही, याचा निवाडा येथे होतो.

तिसरी परीक्षा विजेची. चार बारीक सुया एका ओळीत थरावर टेकवतात. बाहेरच्या दोन सुयांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सुयांमधला दाब मोजायचा. दोनच सुया वापरल्या तर सुई आणि थर जेथे टेकतात तेथला रोधही मापात मिसळतो आणि उत्तर चुकते. या मापनाचे एकक गमतीचे आहे. ते म्हणजे ‘ओहम प्रति चौरस’, आणि चौरस कितीचा ते सांगायची गरजच नसते. एकसारख्या जाडीच्या थराचा चौरस पोस्टाच्या तिकिटाएवढा असो की रुमालाएवढा, समोरासमोरच्या बाजूंमधला रोध तितकाच भरतो. सौर पट्ट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या काचेत तो दहाच्या आसपास असतो.

मग प्रकाशाची परीक्षा. कोणत्या रंगाचा किती प्रकाश पार झाला हे यंत्र मोजते. शंभरातले ऐंशी भाग तरी पार व्हायला हवेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थरातल्या भेगा आणि खड्डे दिसतात. आणि सगळ्यात साधी परीक्षा चिकटपट्टीची. थरावर चिकटपट्टी दाबून लावायची आणि खसकन ओढायची. लाखो रुपयांच्या यंत्रांनी उत्तीर्ण केलेला थर काही वेळा या दीड-दमडीच्या परीक्षेत नापास होतो!

यातली ओढाताण एकाच गोष्टीची आहे. थर जाड केला तर वीज चांगली वाहते, पण प्रकाश कमी होतो. पातळ केला तर प्रकाश भरपूर मिळतो, पण वीज अडखळते. एक पट्टी अप्रतिम साधली म्हणून काम होत नाही. त्याच कृतीने दहा पट्ट्या केल्या तर दहाही सारख्या निघायला हव्यात. संशोधनाची वर्षे खर्ची पडतात ती येथे. दहातल्या नऊ पट्ट्या बिघडल्या आणि एकीचेच आकडे छापले, तर तो अहवाल वाचून कारखाना उभारणाऱ्याचे पैसे बुडतील. म्हणूनच बिघडलेल्या पट्टीचीही वहीत नोंद ठेवायची, हा या कामातला पहिला धडा.

कोल्हापूरचा वाटा

भारतात या विषयाची पायाभरणी करणाऱ्यांत दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. के. एल. चोप्रा यांचे नाव अग्रभागी येते. पातळ थरांवरील त्यांचा १९६९ चा ग्रंथ जगभर वापरला गेला. महाराष्ट्रात या कामासाठी ओळखले जाते ते कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. तेथील पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवरील संशोधनाची परंपरा अनेक दशकांची आहे. प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ मध्ये फवारा पद्धतीचा सविस्तर आढावा एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात घेतला. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काच वेगवेगळ्या द्रावणांत आळीपाळीने बुडवून थर वाढवण्याच्या पद्धतीवर काम केले. त्यात ना निर्वात पेटी लागते, ना मोठी भट्टी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावांतून आलेल्या मुला-मुलींना जगाच्या बरोबरीने संशोधन करता आले, त्याला अशा कमी खर्चाच्या पद्धतींचा मोठा हातभार लागला.

आपल्या घरात

हे सारे प्रयोगशाळेतच राहिले आहे असे नाही. हातातल्या मोबाइलच्या काचेवर बोट फिरताच जी जाणीव होते, ती बहुधा इंडियम आणि कथील यांच्या मिश्र ऑक्साइडच्या थरामुळे. इंडियमचे नाव आपल्या नीळीवरून पडले आहे. १८६३ मध्ये जर्मनीत या धातूचा शोध लागला. फर्डिनांड राइश यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून त्यांनी वर्णपट पाहायला सहकारी थिओडोर रिश्टर यांना बसवले, आणि त्यांना नीळीच्या रंगाची एक ठसठशीत रेघ दिसली!

स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा इशारा देणारा भोंगाही बहुतेक वेळा कथलाच्या ऑक्साइडवरच चालतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये याचे पेटंट नोंदवले. तापलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. गॅस आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, वीज जोरात वाहू लागते आणि भोंगा वाजतो. मात्र सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्यामुळे हे यंत्र छताजवळ लावले तर वर्दी उशिरा मिळेल. ते जमिनीपासून थोड्याच उंचीवर हवे. गळतीचा संशय येताच विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

‘स्वतःच स्वच्छ होणारी’ काच २००१ मध्ये ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने बाजारात आणली. तिच्यावर टायटॅनियमच्या ऑक्साइडचा सुमारे १५ नॅनोमीटरचा थर असतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो तेलकट मळ मोडतो आणि पावसाचे पाणी थेंबांऐवजी पसरट ओघळाने मळ वाहून नेते. या गुणाचे मूळ जपानच्या अकिरा फुजिशिमा यांनी १९६७ मध्ये विद्यार्थी असताना केलेल्या निरीक्षणात आहे. पण एक लक्षात ठेवावे, की सिमेंटचे शिंतोडे आणि माती हा थर मोडू शकत नाही, आणि आपल्याकडे वर्षाचे आठ महिने पाऊस नसतो. पाण्याची बादली आणि फडके हद्दपार होईल, या भ्रमात राहू नये.

खिडकीची काच घेताना

उन्हाळ्यात विजेच्या बिलाने हैराण झालेली कुटुंबे हल्ली थर दिलेल्या काचेची चौकशी करतात. येथे फसगत होऊ शकते. थंड देशांसाठी बनवलेली काच घरातली ऊब घरातच ठेवते आणि सूर्याची उष्णता मात्र बऱ्याच प्रमाणात आत घेते. आपल्याला हवी ती उन्हाची उष्णता बाहेरच अडवणारी. म्हणून दुकानदाराला तीन आकडे विचारावेत. उन्हाची किती उष्णता आत येते, काचेतून उष्णता किती वेगाने वाहते आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश किती मिळतो. पहिले दोन कमी हवेत, तिसरा पुरेसा हवा. केंद्र सरकारने मोठ्या इमारतींसाठी २००७ मध्ये आणि निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ऊर्जाबचतीच्या संहिता काढल्या आहेत. त्यांत खिडक्यांचाही विचार आहे. थर काचेच्या कोणत्या बाजूला आहे हेही विचारून घ्यावे, कारण काच उलटी बसवली तर गुण बदलतात. आणि पश्चिमेच्या खिडकीवर चांगला रुंद छज्जा असेल, तर निम्मे काम तोच फुकटात करतो, हे विसरू नये.

चमकदार काचेची दुसरी बाजू

या झिरझिरीत थराची किंमत कोणी वेगळ्याच रीतीने मोजली आहे. जपानमध्ये इंडियम-कथील ऑक्साइडच्या वड्या घासण्याचे काम करणाऱ्या एका तरुण कामगाराची फुप्फुसे त्या बारीक धुळीने निकामी झाली आणि २००१ मध्ये तो मरण पावला. डॉक्टरांनी २००३ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे या धुळीच्या विषारीपणाकडे जगाचे लक्ष गेले. मोबाइल वापरणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण तेथे थर काचेला घट्ट धरून बंदिस्त असतो. धोका असतो तो कारखान्यात धूळ श्वासावाटे घेणाऱ्याला. पुढे कामाच्या जागेची हवा आणि कामगारांचे रक्त तपासण्याकडे लक्ष देण्यात येऊ लागले. जस्त आणि कथील यांसारख्या भरपूर मिळणाऱ्या धातूंच्या थरांवर संशोधन चालू आहे ते इंडियम दुर्मीळ आणि महाग आहे म्हणून. पण ते यशस्वी झाले तर या धुळीचा धोकाही कमी होईल.

कल्हईवाल्याच्या कामाची पारख घरातली बाई आमटी रांधून करीत असे. ती कळकली नाही, तर कल्हई चांगली. काचेवरच्या थराची पारख करायला आज क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत, पण प्रश्न तोच आहे. वरून चकाकते आहे ते वापरात टिकेल का? प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीच्या हातात पहिली काचपट्टी पडते, तेव्हा तिला आधी कोणतेही यंत्र दाखवत नाहीत. तिला सांगतात, ‘ही धू, तिच्यावर श्वास सोड, आणि वाफ एकसारखी धरेपर्यंत धूत राहा.’